वॉशिंग मशीनला लागलेली गोळी

राजधानी,
९ जानेवारी २००७

प्रिय आर्डिस,

काल विधानसभेच्या वाचनालयात आपल्या काउंटीचं साप्ताहिक चाळत होतो. सवयीप्रमाणे आधी कोण गेलं ते वाचलं, मग गव्हाचे भाव, आणि तिसऱ्या पानावर तू. ‘विधवेने गोळी झाडून घुसखोरास पिटाळले.’ सख्ख्या बहिणीची बातमी मला छापील वाचावी लागते याचं वाईट वाटलं, पण ते दोन मिनिटंच. मग इतका अभिमान वाटला की शेजारी बसलेल्या आमदाराला पान फाडून दाखवलं. ते फाडायचं नसतं, हे नंतर कळलं.

आता ऐक. याच अधिवेशनात मी विधेयक आणतोय, क्रमांक ११८, ‘घर-अंगण संरक्षण विधेयक’. माणूस आपल्या घरात, अंगणात, गोठ्यात किंवा गाडीत असेल आणि कुणी चालून आलं, तर आधी पळून जायचा प्रयत्न केला पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर राहणार नाही. घुसखोर जखमी झाला तर उलटा दावा लावू शकणार नाही. आणि चौथं कलम, जे मी स्वतः लिहिलंय: ‘मला जिवाची भीती वाटली’ एवढं लिहून दिलं की शेरीफने पुढे काही विचारायचं नाही.

मला समितीपुढे साक्ष द्यायला कुणीतरी हवं आहे. सत्तर वर्षांची बाई, चोवीस वर्षं शाळेची बस चालवलेली, एकटी राहणारी, हातात नवऱ्याचं रिव्हॉल्वर. आर्डिस, असा साक्षीदार जाहिरात देऊन मिळत नाही. तुला माहीत आहे, मागच्या पाच वर्षांत माझं एकच विधेयक मंजूर झालं, बीटाच्या लोणच्याला राज्याचं अधिकृत लोणचं ठरवण्याचं. इथे लोक मला अजून बीटवाला म्हणतात.

सविस्तर लिही. फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतेस आणि नंतर काहीच केलेलं नसतं.

तुझा,
गेलन

—

१५ जानेवारी

प्रिय गेलन,

साप्ताहिक चालवणाऱ्या फिलिसला अंकात जागा भरायची होती. नाताळनंतर आमच्याकडे काही घडत नाही, म्हणून तिने मला छापलं. त्या पानावरची दुसरी बातमी हरवलेल्या हातमोज्याची आहे, तीही वाचली असशील.

गोळी झाडली हे खरं. एकच. ती वॉशिंग मशीनला लागली. मशीन गेलं. मी आता कपडे घेऊन गावात जाते आणि लाँड्रीत बसून लोकांच्या चादरी फिरताना बघते.

तो माणूस नंतर तळघराचा जिना चढून वर गेला. पळाला असं लिहीत नाही, कारण पळण्यासारखे त्याचे गुडघे वाटले नाहीत. बाकी सांगण्यासारखं काही नाही. शेरीफ डूएन येऊन गेला, त्याने लिहून घेतलं. कुणाला अटक झाली नाही.

साक्षीला मी येणार नाही. कोंबड्या आहेत, रस्त्यावर बर्फ आहे, आणि चारचौघांत घालण्यासारखा माझा एकच कोट लाँड्रीत आकसला. बीटाचं लोणचं चांगलं असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

एक सांग. तुझ्या कायद्यात वॉशिंग मशीनबद्दल काही आहे का?

तुझी,
आर्डिस

—

राजधानी,
२२ जानेवारी

प्रिय आर्डिस,

लंगडा घुसखोर. तळघरात. तू इतकं शांतपणे लिहितेस की माझ्या अंगावर काटा आला. समितीला मी भाषणाचा मसुदा दिला. उंची तू लिहिली नव्हतीस, मी सहा फूट धरली आहे. तोंडाला फडकं होतं की नाही, कळव. सध्या ‘बहुधा होतं’ असं ठेवलंय.

बंदूकधारकांच्या संघटनेला मी तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी बिल्ले छापायला घेतलेत: ‘माझं घर, माझा उंबरठा’. पहिला तुझ्यासाठी राखून ठेवला आहे. आता तू येणार नाहीस हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

कोंबड्यांचं काय ते तुझ्या शेजाऱ्याला सांग. त्या एमेट व्हीलरला. आपल्या वडिलांच्या कुरणाची मोजणी करून अकरा फूट जमीन पलीकडच्या शेतात घालणारा माणूस कोंबड्या तरी नीट मोजेल. त्यालाही मी पत्र घातलंय, तुमच्या भागातल्या गुन्हेगारीची माहिती मागवायला. काम आहे म्हणून लिहिलं, नाहीतर तोंड पाहिलं नसतं.

सुनावणी २० फेब्रुवारीला.

गेलन

—

३० जानेवारी

मा. आमदार गेलन स्टेनरूड यांस,

तुमचं पत्र पोचलं. विचारलेली माहिती देतो.

मी या रस्त्यावर एकतीस वर्षं राहतो. एवढ्या काळात दोन चोऱ्या झाल्या. एक ट्रॅक्टरची बॅटरी, ती आठवड्यात परत आली. दुसरा चर्चच्या स्वयंपाकघरातला भाजण्याचा मोठा ट्रे. तो परत आलेला नाही, पण कुणाकडे आहे ते सर्वांना ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, ती बाई तुमच्या मतदारांपैकी आहे.

तुमच्या भाषणाची प्रत जोडली होतीत म्हणून एक दुरुस्ती. सगळा जन्म मोजणी खात्यात काढला, समोर चुकीचं माप दिसलं की मला गप्प बसवत नाही. घुसखोराची उंची सहा फूट नव्हे, पाच फूट सहा इंच आहे. तोंडाला फडकं नव्हतं, चष्मा होता. हातात हत्यार नसून नळाचा पाना होता, बारा इंची. लंगडतो तो उजव्या पायाने, आणि फक्त थंडीत. स्वभावाने तो धोकादायक नाही, असं त्याला ओळखणाऱ्यांचं मत आहे.

याहून जास्त बोलायला मला मनाई आहे.

कुरणाच्या मोजणीबद्दल तुमच्या मनात अजून आहे असं पत्राच्या सुरावरून वाटलं. अकरा फूट नव्हते. दहा फूट नऊ इंच.

आपला,
एमेट व्हीलर

—

राजधानी,
३ फेब्रुवारी

आर्डिस,

हे पत्र वाचून झाल्यावर दारं लाव.

एमेट व्हीलरने त्या माणसाला पाहिलंय. चष्म्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं वर्णन त्याने दिलं. आणि शेवटी लिहितो की त्याला बोलायला मनाई केलेली आहे. कुणी केली? याचा अर्थ सरळ आहे. म्हातारा घाबरलाय, आणि हा माणूस एकटा नाही, टोळी आहे. ‘त्याला ओळखणाऱ्यांचं मत’ असं लिहितो. म्हणजे ओळखणारेही आहेत.

मी शेरीफला फोन केला होता. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, ‘साहेब, तुमच्या बहिणीला विचारा,’ आणि मग त्याला खोकल्याची मोठी उबळ आली. मला वाटतं त्यालाही दमात घेतलंय.

आता तुम्हा दोघांनाही साक्षीला आणावं लागेल. तोवर रिव्हॉल्वर उशाशी ठेव.

गेलन

—

८ फेब्रुवारी

प्रिय गेलन,

डूएनला खोकला झालेला नाही. तो हसत होता. आता मात्र सांगायलाच हवं, नाहीतर तू इथे सैन्य पाठवशील.

तो माणूस एमेट होता.

मागच्या ऑक्टोबरपासून तो रोज सकाळी माझ्याकडे कॉफीला येतो. रविवारी पॅनकेकला. तुला सांगितलं नाही, कारण तू ती अकरा फूट काढली असतीस. (त्याच्या म्हणण्याप्रमाणे दहा फूट नऊ इंच. मी त्यात पडत नाही.) हॅरल्ड जाऊन सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी किती बोलत होते आणि कुणाशी, हे मोजलं तर कोंबड्यांचा नंबर पहिला येईल.

वॉशिंग मशीनमागचा नळ गळत होता. एमेटने ठरवलं, मी उठायच्या आत जाऊन दुरुस्त करून ठेवायचा. मागच्या दाराची किल्ली पायरीखाली असते. तो सात वाजता आला आणि आत येताना तीनदा हाक मारली. गेलन, मला ती ऐकू आली नाही. दोन वर्षं झाली, मला धड ऐकू येत नाही. फोनवर मी ‘हो हो’ म्हणते ते त्यामुळे. डॉक्टरने यंत्र दिलंय, ते मी डब्यात ठेवते, कारण ते घातलं की चर्चमधली माणसं फार मोठ्याने गातात.

मला ऐकू आला तो फक्त पाना पडल्याचा आवाज. तोही पायांतून कळला. हॅरल्डचं रिव्हॉल्वर घेऊन मी जिन्यावर आले. खाली मिणमिणता दिवा होता. मशीनमागून दोन पाय बाहेर आलेले. मी ओरडले, ‘कोण आहे?’ तो म्हणाला, ‘मीच.’ हे त्याने नंतर सांगितलं. तो उठायला लागला आणि मी चाप ओढला.

मशीनमधून साबणाचं पाणी उडालं आणि त्यातून एमेट बाहेर आला, भुवयांपर्यंत पांढरा, हातात पाना. म्हणाला, ‘आर्डिस, मुख्य नळ बंद करायला हवा.’ मी जिन्यावरच बसले. मुख्य नळ त्यानेच बंद केला. मग टेप काढली आणि गोळीचं भोक व त्याचं डोकं यातलं अंतर मोजलं. सवय आहे त्याला. चार इंच. मोजून झाल्यावर तो माझ्या शेजारी बसला.

मग मीच डूएनला फोन केला. तो माझ्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, उलटी व्हायची म्हणून. आला, पालथ्या बादलीवर बसला आणि तासभर विचारत राहिला. तुम्ही कुठे उभ्या होता. काय दिसलं. कानातलं यंत्र कुठे होतं. शेवटी वही मिटून म्हणाला, ‘आर्डिसबाई, कायद्याने तुमची काही चूक नाही. तुमचं घर, अंधार, अनोळखी पाय. पण कानातलं घाला. मी बुधवारी परत येऊन बघणार आहे.’ आणि बुधवारी खरंच आला.

फिलिसला एमेटनेच ‘घुसखोर’ सांगितलं, माझं हसं होऊ नये म्हणून. खोटं बोलायची त्याची ती पहिलीच वेळ. तिसऱ्या पानावर गेलं तेव्हा त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

तर असा तुझा सहा फुटी माणूस. आता मला बोलावणार नाहीस, हे बरं झालं.

आर्डिस

—

राजधानी,
१२ फेब्रुवारी

आर्डिस,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर चिडलो, दुसऱ्यांदा एमेटवर. तिसऱ्यांदा ते चार इंच वाचले आणि कागद बाजूला ठेवला.

साक्षीला येऊ नकोस. संघटनेला मी सांगितलं की तुला फ्लू झालाय. त्यांनी फुलं पाठवली आहेत. कुठे ठेवायची ते कळेना म्हणून माझ्या कचेरीत आहेत, आणि जो येतो तो कोण गेलं म्हणून विचारतो.

विधेयक मात्र मी मांडणारच. तू म्हणतेस तसं झालं तरी कायद्याने तू बरोबरच होतीस. ते विधेयक तुझ्यासारख्यांसाठीच आहे. एका नळामुळे ते चुकीचं ठरत नाही.

तो रविवारी पॅनकेक किती खातो?

गेलन

—

कॅपिटल इन हॉटेल, राजधानी,
२० फेब्रुवारी

प्रिय एमेट,

मी पोचले. बसमध्ये ड्रायव्हर वळणावर ब्रेक फार उशिरा दाबत होता, ते मी त्याला सांगितलं.

गेलनला न कळवता आले. समितीच्या दाराशी वही होती, तीत नाव लिहिलं की कुणालाही बोलता येतं. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. खोलीत उजवीकडे संघटनेची माणसं, छातीवर बिल्ले. डावीकडे विरोधातल्या बायका, गळ्यात पिवळे स्कार्फ. उजवीकडच्या एकाने मला ओळखलं, फिलिसच्या फोटोवरून. ‘फ्लू बरा झाला का?’ म्हणाला आणि बिल्ला लावला. तो लावतोय तोवर डावीकडची एक बाई कॉफी घेऊन आली आणि कानाशी म्हणाली, ‘घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.’ तिला काय माहीत होतं कोण जाणे. मी कॉफी प्याले आणि बिल्लाही ठेवला. दोन्ही माणसं चांगली होती.

गेलन भाषण करत होता. सहा फूट कुठे आलं नाही. बोलता बोलता त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो ‘उंबरठा’ शब्दावर अडला. तीनदा म्हणाला.

मग अध्यक्षीणबाईंनी माझं नाव पुकारलं. श्रीमती किट्रिज. चेहरा असा की हिच्या बसमध्ये कुणी उभं राहिलं नसतं. मला ते लगेच आवडलं. मी कानातलं नीट बसवलं आणि सगळं सांगितलं. नळ, पाय, साबण, चार इंच. तुझं नाव घेतलं, तुझी परवानगी होती म्हणून.

उजवीकडे आधी टाळ्या पडल्या, मग थांबल्या. डावीकडे नेमकं उलट.

बोमन नावाचा एक वकील आमदार आहे. त्याने विचारलं, ‘बाई, थोडक्यात सांगा, तुम्ही विधेयकाच्या बाजूने की विरुद्ध?’

मी म्हटलं, ‘बाजूने. माझ्या घरातून मी का पळायचं? आणि पळणार कुठे, बाहेर उणे वीस होतं.’

‘मग बंदूक जवळ असल्याने तुम्हाला सुरक्षित वाटलं?’

‘मला वाटलं. एमेटला नाही.’

लोक हसले. मी विनोद केला नव्हता. श्रीमती किट्रिजनी टेबलावर ठोकलं आणि विचारलं, ‘तुमच्यावर खटला भरायला हवा होता असं तुम्हाला वाटतं का?’

‘नाही.’

‘मग तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?’

एमेट, बसमध्ये नऊ तास मी हेच जुळवत होते, आणि ऐन वेळी त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, ‘चौथं कलम काढा. त्या कलमाप्रमाणे मी एका ओळीचा कागद दिला असता आणि डूएन दारातूनच परत गेला असता. माझं अभिनंदन झालं असतं. कानातलं डब्यातच राहिलं असतं, किल्ली पायरीखाली, आणि पुढच्या वेळी मी चार इंच चुकले नसते. मला कुणी तुरुंगात घालू नये. पण मला कुणीतरी विचारलं पाहिजे. तासभर. बादलीवर बसून.’

बोमन कागदावर काहीतरी लिहीत राहिला, मला दिसत होतं की तो चौकोन काढतोय.

मग गेलन उठला. मला वाटलं आता हा मला घरी पाठवणार. त्याचा चेहरा लहानपणी बर्फाच्या खड्ड्यात पडला होता तेव्हासारखा होता. म्हणाला, ‘अध्यक्ष महोदया, चौथं कलम मी लिहिलं. ते मी मागे घेतो.’ संघटनेच्या माणसाने मागून त्याचा कोट ओढला. गेलनने कोट सोडवून घेतला आणि पुन्हा तेच म्हणाला.

मतं पडली, आठ विरुद्ध पाच, विधेयक समितीतून पुढे गेलं. उजवीकडचे नाराज, कारण कलम गेलं. डावीकडच्या नाराज, कारण बाकीचं राहिलं. बाहेर व्हरांड्यात दोन्हीकडून मला कुणी कॉफी विचारली नाही. गेलनने विचारली. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो आणि तो खूप वेळ चमचा फिरवत राहिला. साखर त्याने घातलीच नव्हती.

परवा येते. तांबड्या कोंबडीवर लक्ष ठेव, ती इतरांना टोचते.

आर्डिस

—

राजधानी,
१९ एप्रिल

प्रिय आर्डिस,

विधेयक वरच्या सभागृहात एका मताने मंजूर झालं आणि काल राज्यपालांनी सही केली. माझ्याबरोबर फोटोत संघटनेतलं कुणी नव्हतं, विरोधातलं तर नव्हतंच. एक छायाचित्रकार, राज्यपाल आणि मी. त्यांनी सहीचं पेन मला दिलं. ते लिहीत नाही.

संघटनेने पुढच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध माणूस उभा करायचं ठरवलंय. घोडे विकतो तो. निवडून येईलही. मला वाटलं होतं मला झोप लागणार नाही, पण चांगली लागते.

आता जे लिहायला बसलो ते. त्या दिवशी तू चार इंच म्हणालीस तेव्हा मी तुझा किंवा एमेटचा विचार करत नव्हतो. मला माझी सिग्रिड दिसत होती. तुला माहीत आहे, कॉलेजात गेल्यापासून पोर न कळवता घरी येते, रात्रभर गाडी हाकत, पहाटे. आम्हाला चकित करायला. बूट हातात घेऊन स्वयंपाकघरातून आत शिरते, दिवा लावत नाही. आणि माझी बंदूक पलंगाच्या खणात भरलेली असते, अकरा वर्षं. नाताळात ती अशीच आली होती. मी जागा झालो होतो, आर्डिस. खण उघडला होता. मग तिला शिंक आली आणि मी तिची शिंक ओळखली. बोनीला, माझ्याच बायकोला, मी हे सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. आणि जानेवारीत जाऊन मी ते चौथं कलम लिहिलं. माणूस असं का करतो, तूच सांग.

बंदूक मी विकलेली नाही, विकणारही नाही. कपाटात ठेवली, कुलूप लावून, गोळ्या वेगळ्या. आणि मागच्या रविवारी सिग्रिडला पत्र लिहिलं. लिहिलं की तू येशील तेव्हा पोर्चचा दिवा लावलेला असेल, तू घंटा वाजव, खूप वाजव, कितीही वाजलेले असोत, मी उठून दार उघडेन. येण्याआधी फोन केलास तर वाट बघत जागा राहीन. तू घरी येतेस ते मला आवडतं, हे मी तुला कधी म्हटलेलं नाही, म्हणून म्हणतो. दोन पानं झाली. मी तिला आजवर लिहिलेलं हे पहिलं पत्र, चेकबरोबरच्या चिठ्ठ्या सोडल्या तर.

आज तिचं उत्तर आलं. कार्डावर दोनच ओळी आहेत:

‘बाबा, पत्र मिळालं. डॉक्टरांनी नक्की काय सांगितलंय? मी शुक्रवारी निघतेय.’

तुझा,
गेलन